पावसाळी ट्रेकसाठी घरगुती फायर स्टार्टर : कापूर, फुलवात, जेलीचा बोळा, मेण-भुसा आणि काकडा

ओली काटकी पेटवायची म्हणजे आधी तिच्यातलं पाणी उकळून हवेत घालवायचं. ते गेल्याशिवाय लाकूड पेट घेत नाही, नुसतं धुमसतं आणि डोळ्यांत पाणी आणतं. म्हणून फायर स्टार्टर चांगला की वाईट हे त्याचा भडका किती उंच जातो यावर ठरत नाही. तो किती मिनिटं, एका जागी, वाऱ्याला न विझता जळत राहतो यावर ठरतं. जुलै-ऑगस्टात सह्याद्रीत हवेतच एवढी ओल असते की छपराखाली ठेवलेली काटकीसुद्धा हाताला गार लागते. तिथे मिनिटभराच्या जाळाने काही होत नाही. पाच-सहा मिनिटं तरी हवीत, दहा-बारा मिळाली तर उत्तम.

दुसरी कसोटी भिजण्याची. पिशवी भिजली, डबी भिजली, तरी आतला माल पेटला पाहिजे. तिसरी कसोटी सहसा कोणी लक्षात घेत नाही : मे महिन्यात तापलेल्या गाडीत राहिला तर त्याचं काय होतं? या तीन कसोट्यांवर आपल्याकडे घरोघरी होण्यासारखे पाच प्रकार इथे पारखले आहेत. सगळं साहित्य वाणी, औषधवाला, सुतार आणि देवघर एवढ्यात मिळतं.

कापूर : पेटतो पटकन, संपतोही पटकन

ट्रेकच्या पिशवीत हमखास सापडते ती देवघरातून उचललेली कापराची डबी. कापराचे गुण खरे आहेत. काडी टेकवली की पेटतो. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे भिजलेली वडी पुसून लगेच वापरता येते. पाण्यावर तरंगतानाही तो जळतो. एवढं असून त्याला पहिला नंबर देता येत नाही, कारण नेहमीची छोटी वडी मिनिटभरात संपते. काटकीवरचं पाणी नुसतं वाफाळू लागतं आणि खालचा जाळ गेलेला असतो.

मग लोक एकदम दहा वड्या रचून पेटवतात. त्याने जाळ उंच होतो, लांब होत नाही. सगळ्या वड्या एकमेकींच्या उष्णतेने भराभर उडून जातात. कापराचा खरा उपयोग काडी आणि मुख्य पेटवण यांच्यामधल्या दुव्याचा. मेणाच्या काकड्याच्या (मेणात बुडवलेल्या सुती चिंधीच्या गुंडाळीच्या) टोकाशी एक वडी ठेवली की वाऱ्यातही काकडा धरतो. त्या कामाला कापूर फार चांगला.

उघड्या डबीत कापूर तसाच उडून जातो, घनातून थेट हवेत. पावसाळ्याआधी घेतलेली पुडी दिवाळीपर्यंत निम्मी होते ती यामुळेच. डबीत मिरे टाकायची पद्धत आहे, पण खरा उपाय घट्ट फिरकीचं झाकण हाच. भीमसेनी कापरावर जास्त पैसे घालवायची इथे गरज नाही, जाळासाठी साधा कापूर तेवढाच चालतो. फक्त डांबर गोळीसारखा वास येणारा घेऊ नका. आणखी एक, कळकळीने : सोबत लहान मुलं असतील तर डबी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि पोटात गेलेला कापूर लहान मुलाला आकडी आणू शकतो.

तुपातल्या तयार फुलवाती

पूजेच्या दुकानात डब्यात भरलेल्या ‘तुपातल्या फुलवाती’ मिळतात. पेट्रोलियम जेली लावलेल्या कापसाचा हा आपल्याकडचा जुना भाऊ, तत्त्व तेच : कापूस वातीचं काम करतो, जळते ती चरबी. वरची शेंडी कोरडी आणि टोकदार असल्यामुळे काडीने लगेच पेटतात. घेताना डब्यावरचे घटक वाचा. पुष्कळ स्वस्त डब्यांत तुपाऐवजी वनस्पती तूप असतं. जळण म्हणून त्याने काही बिघडत नाही, पण तुपाचे पैसे देऊ नका.

निरांजनात फुलवात शांतपणे बराच वेळ जळते. तीच दगडावर ठेवली की निराशा करते, कारण तूप वितळून दगडावरून ओघळतं आणि वात कोरडी पडून जळून जाते. तिला वाटी हवी. नारळाच्या करवंटीचा तुकडा किंवा फॉइलची द्रोणासारखी खळगी चालेल. तीन फुलवाती त्यात एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर काड्यापेटीच्या काडीएवढ्या काटक्या सुकवण्यापुरता जाळ मिळतो. आडोशाला ठीक आहे. उघड्या माचीवर वारा सुटला की ही ज्योत टिकत नाही.

आणि वासाचा प्रश्न आहेच. गडावरच्या गुहेत, पडवीत, मंदिरात मुक्काम केला की उंदीर पहिली डबी हीच शोधतात. मुंग्या त्याआधी. जुनं तूप खवट होतं ते वेगळंच. विकत घेण्याजोगी वस्तू आहे, पण घरी दहा मिनिटांत याहून चांगली होते.

जेलीचा बोळा : कमी खर्चात सगळ्यात भरवशाचा

पेट्रोलियम जेली आणि कापूस. नुसता कापूस पंधरा-वीस सेकंदांत फुर्रकन जातो. नुसत्या जेलीला काडी लावली तर ती वितळते, पेटत नाही. दोन्ही एकत्र आले की एक बोळा चार ते सहा मिनिटं जळतो, आणि जळतो तो फुलवातीपेक्षा मोठ्या, अंगठ्याएवढ्या ज्योतीने. एका ग्रॅम जेलीत एका ग्रॅम लाकडाच्या अडीचपट तरी उष्णता असते. म्हणून एवढासा बोळा एवढं काम करतो.

वीस बोळ्यांसाठी १० ग्रॅम कापूस आणि ५० ते ६० ग्रॅम जेली लागते. म्हणजे एका बोळ्याला अर्धा ग्रॅम कापूस आणि सपाट अर्धा चहाचा चमचा जेली. जेलीची बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात उभी ठेवा, गॅसवर थेट नको. जेली सैल झाली की चमच्याने बोळ्यावर घ्या आणि बोटांनी बाहेरच्या थरात दाबत जिरवा. बोळ्याचा गाभा कोरडा राहिला पाहिजे. सगळ्या कृतीत महत्त्वाचं हेच, आणि चुकतं तेही इथेच. हाताला बोळा तेलकट लागावा, पण पांढराच दिसावा. तो काचेसारखा अर्धपारदर्शक झाला किंवा दाबल्यावर बोटांच्या फटीतून जेली आली, तर जेली जास्त झाली. असा बोळा काडीने पेटेल, पण ठिणगीने पेटणार नाही. मग थोडा कोरडा कापूस त्यात कुस्करून घ्या.

पेटवताना बोळा फाडायचा. आतला कोरडा कापूस बाहेर ओढून त्याची भुरभुरीत शेंडी करायची, कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ. ठिणगी तिथे पडली की तंतू क्षणात धरतात आणि त्या उष्णतेने भोवतालची जेली वितळून वातीत चढते. न फाडता नुसत्या गोळ्यावर ठिणग्या पाडत बसणं म्हणजे वेळ वाया.

साहित्यात तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, जेलीऐवजी बॉडी लोशन किंवा क्रीम. त्यात पाणी असतं, ते पेटण्याऐवजी फसफसतं. बाटलीवर ‘पेट्रोलियम जेली’ हेच शब्द पाहा. दुसरी, रंगीत किंवा मेकअपचे काही ‘कॉटन बॉल’ प्रत्यक्षात पॉलिस्टरचे असतात. चिमूटभर जाळून बघा : कापूस कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होतो, पॉलिस्टर आकसून त्याचा कडक मणी होतो. तिसरी फसगत म्हणता येणार नाही, निवड म्हणा. औषधवाल्याकडचा कापूस पाणी शोषण्यासाठीच धुतलेला असतो. गादीवाल्याकडचा न धुतलेला कापूस पाणी सहज शोषत नाही, कारण त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यात जेली जिरायला जरा वेळ लागतो, पण पावसाळ्यासाठी तोच जास्त चांगला. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटतात तेव्हा खाली पडलेला रेशमी कापूस मिळाला तर एका डबीत जमवा. तोही पाणी धरत नाही आणि ठिणगीला विलक्षण पटकन धरतो. गाभ्यात सावरीचा, बाहेर जेलीचा, ही जोडी फार छान जमते.

बांधणीसाठी स्वयंपाकघरातलं फॉइल घ्या. १० सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यात एक बोळा गुंडाळा, कडा दोनदा दुमडा. वापरताना पुडी उघडायची नाही. वर चाकूने फुली मारायची, त्यातून कापसाची शेंडी वर ओढायची आणि पेटवायची. खालचं फॉइल वाटीचं काम करतं : वितळलेली जेली चिखलात मुरत नाही, वातीकडे परत येते, आणि जळण्याचा वेळ मिनिटभराने तरी वाढतो. ओल्या जमिनीवर याचा फरक लगेच दिसतो.

दोष एकच, पण मोठा. जेली चाळीस अंशांच्या आसपास सैल व्हायला लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा बंद गाडीत पुड्या पाझरतात आणि पिशवीतल्या कपड्यांना तेलाचे डाग पडतात. फिरकीच्या झाकणाची डबी, त्यात पुड्या उभ्या, हाच त्यावर इलाज.

मेण-भुसा : वजनाने जड, कामाला दमदार

हा प्रकार वाळवणाच्या दिवसांतच, एप्रिल-मेमध्ये करून ठेवावा. कारण भुसा खडखडीत वाळलेला लागतो. दमट भुशात गरम मेण ओतलं की फेस येतो, थेंब उडतात आणि वडी पोकळ राहते.

अंड्यांचा ३० खणांचा कागदी लगद्याचा ट्रे घ्या, प्लॅस्टिकचा नको. अर्धा किलो पॅराफिन मेण आणि दोन-सव्वादोनशे ग्रॅम भुसा लागेल. दिवाळीच्या उरलेल्या मेणपणत्या आणि मेणबत्त्यांचे तुकडेही चालतात. फक्त चमकी लावलेल्या काढून टाका आणि पारदर्शक जेलवाल्या मिसळू नका. भुसा सुताराकडून आणायचा तो साध्या लाकडाचा, रंध्याचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नये. इलेक्ट्रिक कटरखालचा पिठासारखा भुसाही टाळा. तो घट्ट बसतो, हवा आत शिरत नाही आणि वडी काजळी धरून विझते. रंध्याच्या कुरळ्या सालपटांत हवेला वाट राहते.

मेण वितळवायचं ते पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात. खालच्या पातेल्यात पाणी, वर जुना डबा किंवा या कामासाठीच बाजूला काढलेलं भांडं. पॅराफिन ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. पाणी १०० च्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही. थेट गॅसवर ठेवलं तर ते नकळत २०० अंशांच्या पुढे जातं आणि त्याची वाफ भडकते. तसं झालंच तर गॅस बंद करा आणि वर सपाट झाकण सरकवा. पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण छतापर्यंत उडतं. ही सूचना वाचून पुढे जाऊ नका, झाकण आधीच हाताशी ठेवा.

खणात आधी सुतळीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा उभा करा, टोक बोटभर वर राहू द्या. तागाचीच सुतळी हवी, प्लॅस्टिकची नाही. मग खण दोन-तृतीयांश भुशाने सैल भरा, वरून मेण हळूहळू ओता, काडीने एकदा ढवळा. मिश्रण मुठीत धरलं तर मुटका वळावा एवढंच मेण हवं. मेण जास्त झालं तर वडी मेणबत्तीसारखी एका जागी मंद जळते आणि ओघळते. कमी झालं तर हाताळताना भुगा होतो आणि तो भुगा पाणी पितो. थंड झाल्यावर ट्रे कापा आणि प्रत्येक वडी पुन्हा एकदा वितळलेल्या मेणात बुडवून काढा, सुतळीच्या टोकासकट. हा दुसरा हात बहुतेक जण सोडून देतात. मग ट्रेचा उघडा कागद ओल धरतो आणि वडी ऐन वेळी पेटत नाही.

अशी एक वडी साधारण २३-२५ ग्रॅमची होते आणि बारा ते पंधरा मिनिटं जळते. वारा लागला तर विझण्याऐवजी जास्त भडकते, कारण भुशाचा आतला भाग निखारा धरून बसलेला असतो. पावसात भिजलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड काटक्या सुकवायला या पाचांत हीच सर्वांत समर्थ. पण ठिणगीने पेटत नाही, ज्योत लागते. आणि सहा वड्या म्हणजे दीडशे ग्रॅम वजन. मुक्कामाच्या ट्रेकला हे वजन वाहणं पटतं, एका दिवसाच्या चढाईला दोन पुरतात.

उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, नळीत गोठून बसतं. डब्यातच थिजू द्या, पुढच्या वेळी कामाला येईल.

काकडा

काकडआरतीचा काकडा तुपात भिजवलेल्या सुती चिंधीचा. तोच इथे मेणात बुडवायचा. जुनं सुती धोतर, बनियन किंवा नऊवारीची फाटकी पट्टी घ्या : ४ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब. बोटाएवढी घट्ट गुंडाळी करा, शेवटचे चार-पाच सेंटिमीटर शेंडीसारखे मोकळे सोडा, मध्ये सुतळीच्या दोन गाठी. वितळलेल्या मेणात बुडवल्यावर आधी बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत, म्हणजे मिनिटभर, आत ठेवा. बुडबुडे थांबण्याआधी बाहेर काढलेला काकडा आतून कोरडा राहतो आणि नंतर तिथेच पाणी शिरतं. चिमट्याने काढून दोरीवर टांगा, खाली वर्तमानपत्र.

काकडा दहा मिनिटांच्या आसपास जळतो. मेण-भुशापेक्षा थोडा कमी, पण त्याची एक सोय दुसऱ्या कशात नाही : काम झालं की फुंकून विझवा, उरलेला तुकडा उद्या वापरा. चाकूने कापून अर्धाही नेता येतो. टेरीकॉटची चिंधी मात्र चालत नाही. ती वितळून जळते ठिपके टाकते, आणि असा एक ठिपका हातावर पडला की कातडी सोलून निघते.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याही पुष्कळ जण नेतात. चिखलातून काढलेली पट्टी पेटते हे खरं, पण धूर काळा, विषारी आणि भांड्यांना चिकटणारा. अडचणीत जीव वाचवायला दोन पट्ट्या बाळगा, चहासाठी पेटवू नका. रॉकेल, पेट्रोल आणि सॅनिटायझर मात्र अजिबात नको. सॅनिटायझरची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, विझलं समजून वरून आणखी ओतलं की जाळ बाटलीपर्यंत येतो. घन इंधनाच्या वड्या (जर्मनीत एस्बिट नावाने १९३६ पासून विकल्या जाणाऱ्या) हेक्झामिन या रसायनाच्या असतात. छोट्या चुलीवर पाणी तापवायला उत्तम, धूर नाही, पण त्यांची वाफ घशाला झोंबते, बंद तंबूत मुळीच नको. शेकोटीसाठी त्यांच्यावर खर्च करायचं कारण दिसत नाही.

ठिणगी कुठून आणायची

साधी काड्यापेटी आजही चालते, पण पावसाळ्यात आधी निकामी होते ती काडी नाही, पेटीची बाजू. सेफ्टी काडीचं रसायन दोन ठिकाणी वाटलेलं असतं : गुलात पोटॅशियम क्लोरेट, पट्टीवर तांबडा फॉस्फरस. पट्टी मऊ पडली की कोरडी काडीसुद्धा निरुपयोगी. म्हणून काड्यांचे गूल मेणात बुडवताना पट्टी कापून वेगळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत ठेवा. काडी ओढण्याआधी गुलावरचं मेण नखाने खरवडा, नाहीतर ते पट्टीवर पसरून तिला गुळगुळीत करतं.

गॅसचा लायटर भिजला तर चाक सुकेपर्यंत ठिणगी देत नाही. हिमालयात आणखी एक अडचण : ब्युटेन शून्याच्या आसपास द्रवच राहू पाहतो, वायू तयार होत नाही. लायटर पाच मिनिटं काखेत धरला की पुन्हा चालतो.

फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, ही यातली खरी दीर्घायुषी वस्तू. १९०३ मध्ये ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेला हा मिश्रधातू, लायटरच्या चाकाखालचा ‘दगड’ म्हणजे हाच. ठिणगी ३००० अंशांच्या आसपास तापते आणि भिजल्याने काही बिघडत नाही. ८ मिलिमीटर जाड आणि ८ सेंटिमीटर लांब रॉड पुरतो, त्याहून बारीक हातातून निसटतो. नव्या रॉडवरचा काळा थर आधी खरवडून काढा, नवा रॉड ‘चालत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा याच थरामुळे असते. खरवडायला चाकूची धार नको, पाठ हवी, तीही काटकोनात कोरलेली. आणि चाकू पुढे ढकलू नका, रॉड मागे ओढा. पुढे ढकलला की हात जेलीच्या बोळ्यावर आदळून सगळी मांडणी विस्कटते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा लागली की रॉडला पांढरी भुकटी येते. वापर नसेल तेव्हा नेलपॉलिशचा एक हात लावून ठेवा.

चकमकीची हौस असेल तर दगड शोधायला लांब जायला नको. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरपूर. तुटून धारदार झालेली कड आणि जुन्या कानशीचं कडक पोलाद भेटलं की ठिणगी पडते, पण ती फेरो रॉडपेक्षा खूप थंड असते. जेलीचा बोळा तिला दाद देत नाही. तिच्यासाठी जळकं सुती कापड करावं लागतं : झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडलेल्या पत्र्याच्या डबीत सुती चौकोन ठेवा, निखाऱ्यावर ठेवा, भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढा. डबी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागताच कापड राख होतं. काळं, मऊ, पण हातात न तुटणारं कापड जमलं. तपकिरी राहिलं तर कच्चं आहे, परत निखाऱ्यावर.

विमानाने जाणार असाल तर काड्या, लायटर, कापूर, घन इंधन काहीच नेता येत नाही, आणि रेल्वेतही ज्वालाग्राही माल नेणं गुन्हा आहे. हिमालयातल्या ट्रेकसाठी कापूस आणि जेली वेगवेगळे न्या, बोळे तळाच्या गावात वळा, काड्या तिथेच घ्या.

ओल्या लाकडावर लावताना

सर्वांत चांगलं फायर स्टार्टरही चुकीच्या मांडणीत वाया जातं. मनगटाएवढी दोन लाकडं समांतर ठेवा, मध्ये चार बोटांची फट. त्या फटीत फॉइलवर वडी किंवा बोळा. वर आडव्या, काडीएवढ्या काटक्या, त्यावर पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. तिन्ही जाडीच्या काटक्या पेटवण्याआधी हाताशी असल्या पाहिजेत. मिनिटं मोजून मिळालेली असताना काटक्या शोधायला उठायचं नाही.

जमिनीवर पडलेलं लाकूड स्पंजसारखं असतं. झाडावरच वाळलेली, मोडताना काटकन आवाज करणारी फांदी घ्या. साल सोलून टाका, पाणी तिच्यातच असतं. कोयत्याने उभी चिरली की आतली ढलपी बहुधा कोरडी निघते. वाळलेली कारवी आणि चिरलेला बांबू पटकन धरतात, पण बांबूचा पेर बंद ठेवून जाळात घालू नका, आतल्या हवेने आणि वाफेने तो फटाक्यासारखा फुटतो. ओढ्यातले दगडही चुलीला नकोत. छिद्रांत मुरलेलं पाणी तापलं की दगड तडकून चिपा उडतात.

जागा निवडताना वर पाहा. कड्याला आग्यामोहोळ लागलेलं असेल तर खाली धूर करणं जिवावर बेतू शकतं. राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगड, रतनगडासारखे गड तर अभयारण्यातच येतात. तिथे चहा छोट्या स्टोव्हवरच करा. लेण्यांत, मंदिरात, टाक्याच्या काठावर शेकोटी नको, काजळी दगडात मुरते आणि निघत नाही. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत गवत वाळलेलं असतं, त्या काळात ही पुडी फक्त जीव वाचवायच्या वेळेसाठी पिशवीत ठेवा.

विझवताना नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही. पाणी ओता, काठीने राख तळापर्यंत ढवळा, परत ओता. मग हाताची पालथी बाजू राखेच्या अगदी जवळ धरा. ऊब लागली तर आणखी पाणी. दोन मोठी लाकडं बाजूला ओढून पालथी करा, निखारा बहुतेक वेळा त्यांच्या खालच्या अंगाला लपलेला असतो. फॉइलची जळकी वाटी निवली की चुरगळून डबीत टाका आणि खाली घेऊन या.